बाटलीतली परदेशी काकवी

परदेशी स्थायिक झालेली लेक दोन-तीन वर्षांनी माहेरी येते. बॅग उघडली की बदाम निघतात, चॉकलेटे निघतात, आईच्या गुडघ्याला बांधायचा पट्टा निघतो आणि जाड स्वेटरच्या घडीत जपून गुंडाळलेली एक बाटली निघते. बाटलीवर लाल पान छापलेले. आत पातळ मधासारखे पिंगट द्रव्य. ‘‘आई, हे मेपल सिरप. साखरेपेक्षा कितीतरी चांगलं, अगदी नैसर्गिक. बाबांनाही चालेल.’’ आपण कौतुकाने ती बाटली फ्रिजच्या दारात उभी करतो. पुढे तिचे करावे काय, हे नीटसे न उमगल्यामुळे ती बहुधा तिथेच राहते. नाहीतर ‘चालेल’ म्हटले आहे म्हणून सकाळच्या दुधात, पोळीवर, शिऱ्यात चमच्या-चमच्याने संपते.

आमच्याकडे दुसरा प्रकार घडला आणि तो एकदा चांगलाच अंगाशी आला. ते पुढे सांगेनच. पण आधी या पदार्थाची नीट ओळख करून घेऊ, कारण तो मोठा गुणी पदार्थ आहे आणि झाल्या प्रकारात दोष त्याचा नव्हता.

बर्फातले गुऱ्हाळ

वाचकहो, मेपल सिरप कसे होते हे समजायला कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाची आठवण पुरेशी आहे. उसाऐवजी झाडाचा रस, एवढाच काय तो फरक. आणि झाडाच्या रसातून गोडी काढणे हेही आपल्याला नवे नाही. गोव्यात माडाच्या पोयीतून उतरवलेल्या रसाचा काळसर गूळ होतो, बंगालात हिवाळ्यात खजुरीचा गूळ होतो. मेपल हे त्यांचेच थंड प्रदेशातले भावंड म्हणावे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे ओटावाला होतो. नदी ओलांडली की पलीकडे क्वेबेक प्रांत सुरू होतो, आणि जगातील मेपल सिरपपैकी सुमारे ७० टक्के सिरप या एकट्या प्रांतात तयार होते. लेक आणि जावई आम्हाला तिथल्या एका ‘साखरझोपडी’त घेऊन गेले. गुडघाभर बर्फ, पर्णहीन उंच झाडे, आणि लाकडी छपराच्या माथ्यावरून निघणारी वाफेची दाट धार. आत शिरताच जो वास आला, त्याने माझे यजमान एकदम म्हणाले, ‘‘अगं, काहील चढलीय!’’ त्यांचे बालपण पन्हाळ्याच्या पायथ्याशी गेले. नाकाला देश कळत नाही.

हा रस वर्षभर मिळत नाही. हिवाळा सरताना, साधारण फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर अशी ये-जा सुरू झाली की साखरमेपलच्या खोडात हालचाल होते. रात्री गारठ्याने खोडाच्या आतील दाब उतरतो आणि मुळांकडून पाणी वर ओढले जाते. दिवसा ऊब मिळताच दाब वाढतो आणि रस बाहेर पडू पाहतो. त्याच वेळी खोडाला चार-पाच सेंटिमीटर खोल, करंगळीहूनही बारीक छिद्र पाडून तोटी बसवतात. पूर्वी तोटीला बादली टांगत. आता बहुतेक ठिकाणी झाडाझाडांतून प्लास्टिकच्या नळ्यांचे जाळे असते. झाड पुरेसे जाड, म्हणजे निदान वीतभर व्यासाचे झाल्याखेरीज त्याला हात लावत नाहीत, आणि तेवढे वाढायला बहुधा चाळीस वर्षे जातात. आजोबांनी लावलेल्या झाडाचा पाक नातवाने खावा, असा हा हिशेब.

ताजा रस पाण्यासारखा निवळ असतो. मी ओंजळभर पिऊन पाहिला. गोडी जेमतेम जाणवली. जाणवणार तरी कशी? त्यात साखर सुमारे २ टक्केच असते. म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती येते. पाण्याच्या उकळबिंदूहून ४ अंश वर, म्हणजे १०४ अंश सेल्सिअसला रस पोहोचला की तो सिरप झाला. तेव्हा त्यात साखर ६६ टक्क्यांच्या आसपास असते. आपला गुळव्या जसा पाकाची तार बघून काहील उतरवतो, तसा तिथला माणूस झाऱ्यावरून ओघळणारा पाक पदरासारखा पसरून लोंबतो का, ते बघतो. अजून आटवला की त्याची चिक्कीच्या पाकासारखी तार येते. आणखी आटवून, आच उतरवून सतत घोटत राहिले की पाणी उडून जाते आणि भुरभुरीत, बदामी रंगाची मेपलसाखर तयार होते.

हे तंत्र गोऱ्या वसाहतवाल्यांनी शोधलेले नाही. अनिशिनाबे, अबेनाकी, हौडेनोशौनी या तेथील मूळ रहिवाशांचे ते ज्ञान. बाटल्या-डबे नव्हते तेव्हा पातळ सिरप साठवणे अवघड, म्हणून ते मुख्यतः साखरच करत आणि भूर्जाच्या सालीच्या डब्यांत वर्षभर ठेवत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस या साखरेला एक वेगळाच मान मिळाला. वेस्ट इंडीजमधील उसाची साखर गुलामांच्या श्रमावर पिकते, तेव्हा तिला पर्याय म्हणून मेपलसाखर वापरावी, असा प्रचार फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी केला. टॉमस जेफरसन यांनी १७९१ मध्ये आपल्या मळ्यात साखरमेपलची रोपेही लावली. त्यांतली बहुतेक जगली नाहीत. जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होते, हेही सांगितलेच पाहिजे.

आजही हे द्रव्य किती मोलाचे आहे, याची कल्पना एका चोरीवरून येईल. क्वेबेकचे उत्पादक वाईट हंगामासाठी सिरपचा राखीव साठा ठेवतात. २०११-१२ च्या सुमारास त्या साठ्यातून सुमारे ३,००० टन सिरप लांबवले गेले; किंमत १.८ कोटी कॅनेडियन डॉलरांच्या घरात. चोरांनी काही पिंपांत चक्क पाणी भरून ठेवले होते.

झोपडीत जेवण होते. मंद आचेवर भाजलेले वालासारखे शेंगदाणे, म्हणजे खरे तर तिकडचे बीन्स, ऑम्लेट, आणि कणकेचे मऊ गोळे मेपलच्या पाकात शिजवून केलेला एक पदार्थ. त्याचे फ्रेंच नाव ‘ग्राँ-पेर’, अर्थात ‘आजोबा’. यजमानांना ते नाव फार आवडले आणि त्यांनी दोन आजोबा घेतले. शेवटी बाहेर स्वच्छ बर्फावर उकळता दाट पाक ओततात, तो क्षणात चिवट होतो आणि काडीवर गुंडाळून खातात. येथे एक सूचना अनुभवाची: ज्यांना कवळी आहे त्यांनी या बर्फावरच्या पाकाचा मोह टाळावा. आम्ही टाळला नाही. पुढचा पाऊण तास कोमट पाण्याने कवळी सोडवण्यात गेला.

चमच्याचा हिशेब

आता ‘बाबांनाही चालेल’ या शब्दांकडे वळू.

मेपल सिरपमधील गोडी ही बहुतांशी सुक्रोज असते. आपल्या डब्यातली पांढरी साखर म्हणजेही सुक्रोज. सिरपच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सव्वाचार ते साडेचार ग्रॅम साखर असते. पांढऱ्या साखरेच्या सपाट चमच्यातही चार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चमच्याला चमचा ठेवला तर शरीराच्या लेखी दोन्ही सारखेच. सिरप पातळ आहे म्हणून त्यात साखर कमी असेल, ही समजूत चुकीची आहे. द्रव जड असतो, त्यामुळे चमच्यात मावतेही जास्त.

रक्तातील साखर वाढवण्याचा वेग साखरेपेक्षा किंचित कमी, हे खरे. त्यात मँगेनीज आणि रायबोफ्लेविन चांगल्या प्रमाणात असतात, हेही खरे. १०० ग्रॅम सिरपमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण १०० ग्रॅम सिरप खाणार कोण, आणि का? कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आहे, मँगेनीज गहू, डाळी आणि चहातूनही मिळते. २०११ मध्ये संशोधकांनी सिरपमध्ये एक नवे संयुग शोधले आणि क्वेबेकवरून त्याचे नाव ‘क्वेबेकॉल’ ठेवले. असे शोध वर्तमानपत्रांत ‘आरोग्यदायी सिरप’ या मथळ्याखाली येतात. प्रयोगशाळेतील परीक्षानळीत जे दिसते ते आपल्या रोजच्या चमच्यात औषध म्हणून काम करते, असे त्यावरून ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात ‘मुक्त साखर’ अशी एक संज्ञा वापरली आहे. वरून घातलेली साखर तर तिच्यात येतेच. मध, सर्व प्रकारची सिरपे आणि फळांचे रसही येतात. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो ५ टक्क्यांहून कमी वाटा या साखरेचा असावा, असे ते मार्गदर्शन आहे. ज्येष्ठांचा आहार बहुधा १,५०० उष्मांकांच्या आसपास असतो. त्याचे ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे १९ ग्रॅम, साडेचार चमचे. त्यात चहातली साखर धरली, संध्याकाळचे बिस्किट धरले, की शिल्लक फारशी राहत नाही. सिरप घ्यायचे असेल तर त्या शिल्लकीतूनच घ्यायचे. मधुमेह असेल तर ती शिल्लक किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

त्या सकाळी काय झाले

झोपडीच्या सहलीनंतर चार दिवसांनी रविवार होता. यजमानांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी न्याहारीपूर्वी ते एक गोळी घेतात, तीत तीन औषधे एकत्र असतात: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. त्या दिवशी गोळी वेळेवर घेतली आणि न्याहारी मात्र नातवंडांच्या गडबडीत पाऊण तास लांबली. सोफ्यावर बसल्या-बसल्या त्यांना घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे तुटक झाले. लेकीने तिथेच घेतलेल्या यंत्रावर रक्त तपासले. आकडा आला ३.२. क्षणभर आम्ही गोंधळलो. कॅनडातील यंत्रे वेगळ्या मापात आकडा दाखवतात. त्याला १८ ने गुणले की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. म्हणजे ५८. साखर घसरली होती.

ओट्यावर समोरच मेपलची बाटली. ‘‘बाबा, घ्या,’’ म्हणत लेकीने दोन मोठे चमचे पाण्यात कालवून दिले. एका मोठ्या चमच्यात सुमारे १३ ग्रॅम साखर असते, तेव्हा हिशेबाने ते भरपूर होते. आम्ही निश्चिंत झालो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले: ३.३. घाम तसाच. आणखी एक चमचा दिला. आता मात्र लेकीचा चेहरा उतरला. तिने फोनवरच्या आरोग्य-मदतीला फोन लावला. पलीकडच्या परिचारिकेने शांतपणे गोळीतील औषधांची नावे एकेक अक्षर लावून विचारून घेतली, आणि व्होग्लिबोज ऐकताच म्हणाली, ‘‘त्यांना सिरप नको, साखर नको. ग्लुकोज द्या. घरात नसेल तर औषधांच्या दुकानातून आत्ता आणा. आणि ते ग्लानीत जाऊ लागले तर थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा.’’ जावई चप्पल घालूनच बर्फात धावले. ग्लुकोजच्या चार गोळ्या चघळल्यावर दहा मिनिटांत त्यांनी मला विचारले, ‘‘आज न्याहारीला काय आहे?’’

कारण साधे आहे, पण पंधरा वर्षांत ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. सुक्रोज ही जोडसाखर आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा तीत हात धरून असतात. आतड्यात त्यांचे हात सुटले तरच त्या रक्तात जातात. व्होग्लिबोज आणि अ‍ॅकार्बोज ही औषधे नेमके ते हात सुटणे लांबवतात. जेवणानंतर साखर एकदम उसळू नये, म्हणून ती दिली जातात, आणि ते काम ती चोख करतात. पण दुसऱ्या एखाद्या औषधाने, म्हणजे ग्लिमेपिराइडने किंवा इन्सुलिनने साखर खाली गेली असेल, तेव्हा साखर, गूळ, सिरप यांपैकी काही दिले तरी ते आतड्यातच अडून राहते. ग्लुकोज मात्र सुटेच असते. त्याला कोणी अडवत नाही.

तेव्हा, वाचकहो, आज हा अंक खाली ठेवलात की एवढे करा. घरातल्या मधुमेहींच्या गोळीच्या पट्टीमागील बारीक अक्षरे भिंग लावून वाचा. त्यात व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज असेल, तर ग्लुकोज पावडरीचा डबा ओट्यावर, एक पुडी प्रवासाच्या पिशवीत आणि एक उशाशी ठेवा. साखर घसरल्यास १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन भरलेले चहाचे चमचे, पाण्यात कालवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा तेवढेच द्या, आणि सावरल्यावर नेहमीचे जेवण द्या. ही औषधे नसतील तर सिरपचा एक मोठा चमचाही तातडीला चालतो. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाते. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

खरे, खोटे आणि मेथी

बाजारात ‘पॅनकेक सिरप’ किंवा ‘मेपलच्या स्वादाचे सिरप’ अशा नावांनी जे स्वस्त मिळते, ते बहुधा मक्याच्या साखरेचे पाणी असते; त्यात रंग आणि स्वाद मिसळलेला. खऱ्या बाटलीच्या मागे घटकांच्या जागी एकच नाव असते: मेपल सिरप. रंगावरून चार प्रकार आहेत, सोनेरी, अंबरी, गडद आणि अतिगडद. हंगामाच्या आरंभीचे फिके, शेवटाचे गडद. गडद म्हणजे हलक्या प्रतीचे असा अनेकांचा समज आहे. स्वयंपाकासाठी मी उलट गडदच घ्यायला सांगेन. त्याचा स्वाद इतका ठसठशीत असतो की कमी घातले तरी पुरते, आणि आपल्याला तेच हवे आहे.

आता एक मौज. नकली सिरपला जो मेपलचा वास येतो, तो पुष्कळदा मेथीच्या अर्कातून दिलेला असतो. मेथीत सोटोलॉन नावाचे एक द्रव्य असते, त्याचा वास मेपलशी फार जुळतो. २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून मेपल सिरपचा गोड वास पसरे आणि लोक घाबरून तक्रारी करत. २००९ मध्ये महापौरांनी उलगडा जाहीर केला: शेजारच्या न्यू जर्सीतील एका स्वादनिर्मितीच्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती. मेथीचे लाडू खाल्ले की दुसऱ्या दिवशी घामाला जो वास येतो, तो हाच. त्या वासाने तेथील शहर हैराण झाले. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत तो पिढ्यान्‌पिढ्या दरवळतो आहे.

मात्र तान्ह्या बाळाच्या लघवीला असा वास येत असेल आणि बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडत असेल, तर आईच्या लाडवांवर ढकलून स्वस्थ बसू नये. याच वासाचा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार असतो. त्यावर तातडीने उपचार लागतात.

स्वयंपाकघरात

मेपलची खरी किंमत त्याच्या वासात आहे. हा वास झाडातून येत नाही. रस तासन्‌तास आटताना तो चुलीवर तयार होतो. म्हणजे तो एकदा शिजून आलेला आहे. तेव्हा वासासाठी वापरायचे तर पदार्थ शिजल्यावर, आच बंद करून, वरून घालावे. गव्हाचा दलिया दुधात मऊ शिजवा, खाली उतरवा, वाटीमागे एक चहाचा चमचा सिरप आणि दोन अक्रोडांचा चुरा घाला. आत ढवळू नका. वरच राहू द्या. पहिल्या घासाला जिभेला जी गोडी भेटते, तिच्यावर पुढची अर्धी वाटी सहज जाते. वयोमानाने जीभ आणि नाक मंदावतात, अन्न मचूळ लागते, ‘नको’ म्हणून ताट सरकवले जाते. शुश्रूषा करणाऱ्यांना हे रोजचे आहे. मधुमेह नसलेल्या, वजन उतरत चाललेल्या आजीसमोर असा एक सुगंधी चमचा फार उपयोगी पडतो. घट्ट ताज्या दह्यावरही तो तसाच शोभतो.

तिखट-आंबटाशी याचे चांगले जमते. क्वेबेकच्या शेजारी व्हर्मांटमध्ये बर्फावरच्या गोड पाकाबरोबर आंबट काकडीचे लोणचे देतात. आपल्या गूळ-चिंचेच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला हे समजावून सांगावे लागत नाही. तांबड्या भोपळ्याच्या बोटभर फोडींना एक चमचा तेल, मीठ आणि चिमूटभर लाल तिखट चोळून त्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास भाजा. शेवटच्या पाच मिनिटांत चार माणसांच्या फोडींना मिळून दोन चहाचे चमचे सिरप लावा. आधी लावाल तर करपेल. वर लिंबू पिळा. दात नसलेल्यांनाही ही भाजी जिभेने दाबून खाता येते. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर होते. कडा थोड्या कमी खरपूस होतात, इतकेच.

भाजणीचे, म्हणजे केक-बिस्किटांचे शास्त्र थोडे वेगळे. साखरेऐवजी सिरप घालताना १ वाटी साखरेस पाऊण वाटी सिरप पुरते. सिरपबरोबर पाणीही येते, म्हणून दूध किंवा पाणी दोन-तीन मोठे चमचे कमी करायचे. आणि सिरपचा पदार्थ लवकर तांबूस होतो, म्हणून ओव्हनचे तापमान नेहमीपेक्षा १५ अंशांनी खाली ठेवायचे. मेपलसाखर मिळाली तर हा खटाटोप नाही. ती साखरेच्या बदली साखरेइतकीच घ्यावी. पण ती महाग. माझ्या मते ती पिठात मिसळून वाया घालवू नये. केकवर, भाजलेल्या पावावर चिमटीने भुरभुरावी. सिरपपासून ती घरी करण्याचा उत्साह कोणाला वाटल्यास एक इशारा: पाक १२५ अंशांच्या वर न्यावा लागतो आणि तो गरम असतानाच जोरात घोटावा लागतो. हात कापत असतील, मनगट दुखत असेल, तर हे काम तरुणांवर सोपवा. पाकाचा चटका पाण्यापेक्षा खोल जातो, कारण तो त्वचेला चिकटून बसतो.

आता जो केक मी वरचेवर करते, त्याची कृती देते. घारगे आठवतात ना? तांबडा भोपळा, गूळ, कणीक. हा केक म्हणजे त्याच घराण्यातला, फक्त तळणातून सुटलेला.

वाटी म्हणजे येथे २४० मिलिलिटरची घ्यावी. भोपळा वाफवून, चाळणीत निथळून, कुस्करून १ वाटी गर घ्या. त्यात अर्धी वाटी गडद मेपल सिरप, पाव वाटीहून थोडे अधिक तेल आणि २ अंडी घालून फेटा. अंडी नको असतील तर अर्धी वाटी दाट दही घ्या, केक थोडा दाट होईल पण चवीला उणा नाही. दुसऱ्या पातेल्यात पावणेदोन वाट्या कणीक, १ चहाचा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, १ चमचा दालचिनीची पूड आणि थोडे जायफळ एकत्र चाळा. चाळणीत राहिलेला कोंडा टाकू नका, तोही घाला. ओले आणि कोरडे एकत्र करा. कणीक दिसेनाशी झाली की थांबा, फार ढवळले तर केक चिवट होतो. मिश्रण फारच घट्ट वाटले तर दोन-तीन चमचे दूध घाला. मूठभर अक्रोड, चघळायला त्रास होत असेल तर त्यांची भरड, मिसळा. तेल लावलेल्या पावाच्या लांबट भांड्यात ओतून १६५ अंशांवर ५० ते ५५ मिनिटे भाजा. मधोमध सुरी घालून ती कोरडी आली की झाला. भांड्यातच दहा मिनिटे निवू द्या, मग काढा.

याचे बारा काप करा. मोजून करा, म्हणजे हिशेब राहतो: दर कापात सिरपची साखर सुमारे ९ ग्रॅम, दोन चमचे साखरेइतकी. मधुमेह असलेल्यांनी अर्धा काप, तोही जेवणाचा भाग म्हणून, पोळी किंवा भात तेवढा कमी करून. आमच्याकडे यजमान अर्धा काप घेतात, उरलेला अर्धा माझ्या बशीत ठेवतात आणि मग त्याच्याकडे बघत बसतात. दोन दिवस केक बाहेर टिकतो. पुढे फ्रिजमध्ये ठेवून खाताना तव्यावर किंचित गरम करावा.

राहिली बाटली. उघडल्यानंतर ती फ्रिजमध्येच ठेवावी. मधासारखी ती बाहेर टिकत नाही, कारण तिच्यात पाणी अधिक असते आणि बुरशी धरते. डब्यात आलेले सिरप उघडल्यावर काचेच्या कोरड्या बाटलीत काढावे. शीतकप्प्यात ठेवले तर ते दगडासारखे गोठत नाही, नुसते दाट होते, आणि वर्षभर उत्तम राहते. वर पांढरट साय किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर जुन्या पद्धतीप्रमाणे ती काढून पुन्हा उकळावे, असे काहीजण सांगतील. घरात ज्येष्ठ किंवा आजारी माणूस असताना ती काटकसर करू नये, बाटली सरळ ओतून द्यावी. उघडल्याची तारीख बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्या बाटलीवर लेकीने जाताना आणखी एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘बाबा, एक चमचा. ग्लुकोज डावीकडच्या कप्प्यात.’